उंच केलेल्या गाडीचे ‘आर्म’ का बदलावे लागतात?

दिवाळीत भाच्याचा फोन आला. “मामा, थार दोन इंच उंच करून घेतली. दिसते झकास, पण समृद्धीवर धरवत नाही. रस्ता सरळ असला तरी स्टिअरिंग सारखं सांभाळावं लागतं. वळणावरून बाहेर आल्यावर ते पूर्वीसारखं आपोआप सरळ येत नाही. आता गॅरेजवाला म्हणतो, पुढचे अप्पर आर्म बदला. फसवतोय का मला?”

फसवत नव्हता. मात्र हे त्याने गाडी उंच करायच्या आधी सांगायला हवं होतं. थार, जिम्नी, गुरखा या गाड्या घेऊन सह्याद्रीत फिरणारी मुलं आता गावोगावी आहेत आणि उंची वाढवून देणारी दुकानंही. उंची वाढवण्याचा खर्च सगळे विचारतात. त्या उंचीबरोबर चाकांचे कोन बदलतात, हे बहुतेकांना पहिला टायर एका बाजूने खाल्ला गेला की कळतं. म्हणून भाच्याला फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे सलग लिहितो.

चाक गाडीला धरून कोण ठेवतं?

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉक ॲब्सॉर्बर स्प्रिंगचं उसळणं आवरतो. पण चाकाने कुठे राहायचं, किती कलायचं आणि वरखाली होताना कोणत्या वाटेने जायचं, हे ठरवतो तो आर्म.

घरातलं लाकडी दार आठवा. ते दोन बिजागऱ्यांवर फिरतं. वरची बिजागरी बोटभर सरकली तर दार तेच, चौकट तीच, पण दार उंबरठ्याला घासायला लागतं. २०२० च्या ऑक्टोबरात आलेल्या, नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या थारला पुढच्या प्रत्येक चाकामागे असे दोन आर्म आहेत, एक वर आणि एक खाली. या रचनेला डबल विशबोन म्हणतात. आर्मचं एक टोक बोल्टने चासीला जोडलेलं असतं आणि दुसरं टोक चाकाच्या नकलला. नकल म्हणजे ज्यावर चाकाचं बेअरिंग आणि ब्रेक बसतात तो ओतीव तुकडा.

चासीकडच्या टोकात बुश असतो. दोन लोखंडी नळ्या एकात एक आणि मध्ये चिकटवलेलं रबर, एवढंच ते असतं. चाकाकडच्या टोकात बॉल जॉइंट असतो. आपल्या खुब्याच्या सांध्यासारखा वाटीत बसलेला गोळा, म्हणून चाक वरखालीही होतं आणि वळतंही. खुब्याप्रमाणेच त्यालाही मर्यादा असते. पाय किती फाकवायचा याला जसा अंत आहे, तसा बॉल जॉइंटच्या वाकण्यालाही आहे.

तीन कोन: सायकल, चप्पल आणि फेंगडे पाय

सायकल हात सोडून चालवता येते, याचं एक मोठं कारण तिचा पुढचा चिमटा. तो सरळ उभा नसतो, वरून मागे झुकलेला असतो. हँडलची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. टायर त्या रेषेच्या मागून ओढला जातो आणि त्यामुळे आपोआप सरळ होत राहतो. मोटारीत वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून जाणारी रेषा अशीच मागे झुकलेली असते. या झुकावाला कास्टर म्हणतात. कास्टर कमी झाला की स्टिअरिंग हलकं लागतं, स्वतःहून मधोमध येत नाही आणि वेगात गाडी भरकटल्यासारखी वाटते. भाच्याची तक्रार तंतोतंत हीच होती.

दुसरा कॅम्बर. समोरून पाहिलं तर चाक आत कललंय की बाहेर, तो कोन. एखाद्याच्या चपलेची फक्त बाहेरची कड झिजते, कारण त्याचं पाऊल तसं पडतं. कॅम्बर बिघडला की टायरचंही तसंच होतं. तिसरा टो. वरून पाहिलं तर दोन्ही चाकं समांतर आहेत की फेंगड्या पायांसारखी बाहेर वळलेली. टायर सगळ्यांत वेगाने खातो तो बिघडलेला टो.

यापुढे फक्त कास्टर आणि कॅम्बर लक्षात ठेवलेत तरी पुरे.

दोन इंचांनी असं काय होतं?

घड्याळाचा काटा तीनवरून खाली उतरताना पाहा. सुरुवातीला त्याचं टोक जवळजवळ सरळ खाली जातं. चारच्या पुढे गेलं की ते खाली जाता जाता आत, मध्याकडे, ओढलं जायला लागतं. आर्मचं टोकही तसंच फिरतं.

आकड्यांत पाहू. सोयीसाठी आर्मची लांबी ४०० मिलिमीटर धरा आणि आर्म आडवा आहे असं समजा. त्याचं टोक ५० मिलिमीटर खाली गेलं, तर ते जेमतेम ३ मिलिमीटर आत येतं. आणखी ५० खाली गेलं, तर पुढचे जवळजवळ १० मिलिमीटर आत येतं. तेवढ्याच उंचीला तिप्पट सरकणं. कंपनीने नेहमीच्या उंचीवर आर्म अशा जागी ठेवलेले असतात की खड्ड्यात चाक वरखाली झालं तरी ते या वर्तुळाच्या सौम्य भागात फिरावं. गाडी उंच केली की उभी असतानाच आर्म खाली लटकलेले असतात आणि सगळी हालचाल तीव्र भागात होते.

वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड असतो. दोघे एकाच मापाने सरकत नाहीत, म्हणून चाकाचा कल बदलतो, म्हणजे कॅम्बर बिघडतो. शिवाय आर्म ज्या बोल्टांभोवती फिरतात ते बोल्ट सहसा जमिनीला अगदी समांतर नसतात. ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक फार खाली जाऊ नये म्हणून त्यांना थोडा तिरपेपणा दिलेला असतो. त्यामुळे आर्मचं टोक खाली जाताना थोडं पुढेमागेही होतं आणि कास्टरही हलतो.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. स्प्रिंग आणि शॉकचा जोड खालच्या आर्मच्या मधल्या भागात टेकतो, चाकापाशी नाही. तरफेच्या मधोमध हात धरून ती हलवली तर टोक जास्त हलतं, तसंच इथे. या जोडावर २५ मिलिमीटरचा ठोकळा, म्हणजे स्पेसर, बसवला तर गाडी २५ पेक्षा बरीच जास्त उचलली जाते. ‘एकच इंचाचा स्पेसर आहे’ असं दुकानात सांगतात, तेव्हा तो इंच ठोकळ्याचा असतो, गाडीचा नव्हे.

आणि असा ठोकळा चाकाला जास्त प्रवास देत नाही. तो सगळा जोडच खाली ढकलतो. चाक खड्ड्यात पूर्ण लटकतं तेव्हा ते आता पूर्वीपेक्षा खाली जातं आणि वरच्या बॉल जॉइंटला त्याच्या मर्यादेपलीकडे वाकवतं. काही गाड्यांत तर वरचा आर्म स्प्रिंगला किंवा तिच्या वाटीला आपटतो. जंगलवाटेवर ‘टक्’ असा धातूचा आवाज येतो तो कधी कधी हाच असतो. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं. मला या सगळ्या प्रकरणात खरी भीती वाटते ती याची. झिजलेल्या टायरला पैसे लागतात. घाटात निसटलेल्या चाकाची किंमत पैशांत सांगता येत नाही.

जिम्नीचं गणित वेगळं

२०२३ मध्ये आपल्याकडे आलेल्या जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, आहे. तो पुढेमागे हलू नये म्हणून दोन लांब आर्म आणि डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा रॉड. अप्पर आर्म इथे नाहीच.

पुढचे दोन आर्म मागे चासीला आणि पुढे ॲक्सलला जोडलेले असतात आणि ॲक्सलला घट्ट धरतात. गाडी उंच केली की आर्म जितका तिरपा होतो, तितकाच ॲक्सल त्याच्याबरोबर फिरतो. आर्म ७०० मिलिमीटरचा धरला आणि गाडी ५० मिलिमीटर उचलली, तर हे फिरणं सुमारे ४ अंश होतं. म्हणजे कास्टरमधून सरळ ४ अंश वजा. कास्टर मुळातच थोड्या अंशांचा असतो, त्यातून चार गेल्यावर फारसं उरत नाही.

यावर उपाय दोन. छिद्र मध्यापासून सरकवलेले बुश बसवायचे किंवा ॲक्सलकडची बैठक फिरवलेले नवे आर्म घालायचे. पण एक पेच आहे. कास्टर परत आणायला ॲक्सल उलटा फिरवला, की डिफरन्शियलचं (ॲक्सलवरच्या, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डब्याचं) तोंड खाली झुकतं आणि त्याच्यापर्यंत इंजिनाची ताकद आणणाऱ्या पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. फोर व्हील ड्राइव्ह लावल्यावर थरथर जाणवली तर आधी तिथे पाहावं. एकीकडचं ओढलं की दुसरीकडचं उघडं पडतं, अशी ही आखूड पांघरुणाची गत आहे. आडव्या रॉडमुळे ॲक्सल एका बाजूला सरकतो तो भाग वेगळा; त्यासाठी कमी-जास्त करता येणारा रॉड मिळतो.

नवा आर्म नेमकं काय दुरुस्त करतो?

पुन्हा थारसारख्या रचनेकडे येऊ. उंच गाडीसाठी केलेल्या अप्पर आर्ममध्ये तीन गोष्टी बदललेल्या असतात. बॉल जॉइंटची बैठक थोडी मागे घेतलेली असते, म्हणजे गेलेला कास्टर परत मिळतो. बॉल जॉइंट जास्त वाकू शकेल असा किंवा मुळातच तिरपा बसवलेला असतो. आणि आर्मचा आकार असा असतो की तो पूर्ण लटकल्यावरही स्प्रिंगला लागत नाही.

हा आर्म गाडी आणखी उंच करत नाही. वाढलेल्या उंचीने जे बिघडवलं ते परत जागेवर आणणं एवढंच त्याचं काम.

“चांगलं अलाइनमेंट करून भागणार नाही का?”

भाच्याचा पुढचा प्रश्न हाच होता आणि रास्त होता. थोड्या उंचीसाठी भागतं. अलाइनमेंटवाल्याकडे फिरवायला जागा ठरावीक असते आणि बऱ्याच गाड्यांत ती दोन्ही कोनांना मिळून एकच असते. कॅम्बर सरळ करायला गेलं की कास्टर खर्ची पडतो. मशीनच्या पडद्यावर कॅम्बर आणि टो हिरवे दिसतात, कागद हातात मिळतो, गाडी मात्र वेगात तशीच भरकटते. म्हणून कागदावर कास्टरचा आकडा छापला आहे का, तो आधी पाहा. कित्येक ठिकाणी तो मोजतच नाहीत, कारण मोजायला चाक डावी-उजवीकडे वळवून घ्यावं लागतं आणि त्यात वेळ जातो. दोन्ही बाजूंच्या कास्टरमध्ये फरक असेल तर गाडी एका बाजूला ओढते, हेही त्याच आकड्यावरून कळतं.

आर्म घेण्याआधी एक बिनखर्चाचं काम करून पाहावं. त्याचं कारण बुशमध्ये आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

बोल्ट कधी आवळायचा, यावर सगळं अवलंबून

बुशमधलं रबर घसरत नाही. आतली नळी बोल्टने चासीला जखडलेली असते, बाहेरची आर्मला. आर्म वरखाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं आणि सुटलं की परत येतं. ज्या स्थितीत बोल्ट आवळला ती रबराची विश्रांतीची स्थिती.

आता गॅरेजमध्ये काय होतं पाहा. गाडी लिफ्टवर, चाकं हवेत लटकलेली. कारागीर आर्म बसवतो आणि तिथेच बोल्ट पूर्ण आवळतो, कारण हात तिथेच सहज पोहोचतो. गाडी खाली उतरली की आर्म वर जातो आणि रबर धुणं पिळावं तसं पिळलं जातं. तेही कायमचं, उभ्या गाडीत रात्रभरसुद्धा. वर रोजचे खड्डे. काही महिन्यांत रबर फाटतं आणि आपण म्हणतो, पार्ट खराब निघाला. माझ्या स्वतःच्या गाडीचे लोअर आर्मचे बुश असेच आठ महिन्यांत गेले. दुसऱ्यांदा बसवताना मी शेजारी उभा राहिलो आणि गाडी जमिनीवर आल्यावर आवळून घेतले. ते अजून शाबूत आहेत.

योग्य पद्धत अवघड नाही. काम सुरू करण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. नवा आर्म बसवताना बुशचे बोल्ट नुसते हाताने लावा. मग लोअर आर्मखाली जॅक लावून चाक त्या मोजलेल्या अंतरापर्यंत उचला किंवा गाडी चाकांवर उतरवा, आणि तेव्हाच टॉर्क रेंचने (किती जोराने आवळतोय ते दाखवणाऱ्या पान्याने) कंपनीने दिलेल्या मापाला आवळा.

यातूनच ते बिनखर्चाचं काम निघतं. ज्याने गाडी उंच केली पण बुशचे बोल्ट सैल केलेच नाहीत, त्याचे सगळे बुश आत्ता पिळलेले आहेत. कंपनीतली त्यांची विश्रांतीची स्थिती जुन्या उंचीची होती. ते बोल्ट नव्या उंचीवर सैल करून पुन्हा आवळले, तर गाडीचा ताठरपणा थोडा कमी होतो आणि बुशचं आयुष्य वाढतं. कास्टर मात्र यातून परत येणार नाही.

बाकीची कामं थोडक्यात

मागच्या चाकांना उटी, चासीखाली स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही हात घालू नये. वरचा बॉल जॉइंट सुटला की नकल बाहेर कलंडतो आणि त्याचा भार ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरवर येतो, म्हणून तो आधी तारेने बांधून घ्यावा. नव्या आर्मसह होज आणि वायर पुरेशा लांब आहेत का, हे चाक पूर्ण लटकवून आणि दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावं. बॉल जॉइंटच्या नटला स्प्लिट पिन असेल आणि छिद्र जुळत नसेल, तर नट आणखी आवळून जुळवायचा, मागे फिरवून कधीच नाही. स्प्रिंग-शॉकच्या जोडाचा वरचा मधला नट घरी सोडवू नका. आत दाबलेली स्प्रिंग असते आणि ती जीव घेऊ शकते.

आर्म बदलला की अलाइनमेंट करावंच लागतं, त्यात पर्याय नाही. ५०० किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा रेंचने तपासा.

रबर, पॉलियुरेथेन की रोझ जॉइंट?

बाजारात तिन्ही मिळतात. पॉलियुरेथेनचे बुश टणक असतात, पिळले न जाता नळीवर फिरतात, ग्रीस संपलं की करकरतात. रोझ जॉइंट म्हणजे उघडा लोखंडी गोळा, स्पर्धेच्या गाड्यांसाठी चांगला. पण कोकणातली जांभ्याची लाल धूळ आणि चार महिन्यांचा चिखल त्यात शिरला की तो खुळखुळायला लागतो. रोज कामाला जाणाऱ्या आणि महिन्यातून एकदा डोंगरात जाणाऱ्या गाडीला मी रबरच सुचवेन.

आणि एक कळकळीची विनंती. वाकलेला आर्म तापवून सरळ करून घेऊ नका, आणि ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून पाइप वेल्ड करून आर्म बनवून घेऊ नका. गेट बनवणारे हात कितीही कुशल असले तरी आर्मवरचा भार वेगळा असतो. तो लाखो वेळा उलटसुलट येतो आणि वेल्डच्या कडेला बारीक तडा पाडतो, जो रंगाखाली दिसत नाही.

“मग मुळात उंच करावीच का?”

थारची मूळ जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आहे. आपल्या बहुतेक किल्ल्यांच्या पायथ्याशी जाणाऱ्या वाटांना ती पुरते. शिवाय स्प्रिंगची उंची वाढवून मागचा सलग ॲक्सल आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोल डबा एक मिलिमीटरही वर जात नाही. तो चाकांबरोबर राहतो आणि दगडाला आधी लागतो तोच. त्याला वर उचलतो फक्त मोठा टायर. २५५/६५ आर १८ ऐवजी २६५/७० आर १८ घातला तर तो सुमारे २० मिलिमीटर वर जातो. पण मग टायर मडगार्डला घासतो, म्हणून पुन्हा उंची. हे चक्र असंच वाढत जातं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. झिजलेला आर्म काढून कंपनीच्याच मापाचा नवा घालणं ही दुरुस्ती. गाडीची उंची वाढवणं हा बदल. अपघात झाला तर विमा कंपनी हाच फरक पाहते. स्पर्धेची उंच गाडी ट्रेलरवरून मैदानापर्यंत नेतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

हे सगळं ऐकून भाचा दोन दिवस गप्प होता. मग त्याने स्पेसर काढून टाकले, कंपनीचीच उंची ठेवली आणि अप्पर आर्म घेतलेच नाहीत. वरचे बॉल जॉइंट मात्र तपासून घेतले. चाक बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं आणि टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून पाहिलं, तर डाव्या बाजूचा जॉइंट खेळत होता आणि त्याचं रबरी टोपण फाटलेलं होतं. उंच गाडी त्याने फक्त सात महिने चालवली होती.